एस्तेर सिस्टरांचा अर्धा तास

"चपला दे इकडं," एस्तेर सिस्टर म्हणाल्या.

मी मुकाट्यानं दिल्या. एरवी मी दोन शब्द तरी बोलले असते, पण त्या दिवशी मला वाद नको होता. पळून जायचं मी आधीच ठरवलं होतं.

मिरजेत डॉक्टर मगदुमांचा दवाखाना होता, दम्याचा आणि ॲलर्जीचा. पुढं डॉक्टरांची खोली, मागं सुया टोचायची खोली. त्या मागच्या खोलीत डॉक्टरांचंही काही चालत नसे, तिथं एस्तेर सातपुते सिस्टरांचं राज्य. पन्नाशीच्या, ठेंगण्या, पांढऱ्या साडीची घडी सकाळी जशी तशीच संध्याकाळी. आत चप्पल घालायची नाही, हा नियम सगळ्यांना. त्यांच्या स्वतःच्या सँडलसुद्धा पुढच्या दारातच असायच्या. आम्हा पेशंटांच्या चपला मात्र त्या दारात राहू देत नसत. भिंतीतल्या कपाटात खालच्या फळीवर ओळीनं लावायच्या. वरच्या फळीवर त्यांचा आणीबाणीचा पत्र्याचा डबा. मग कपाटाला कडी. सुई टोचली की अर्धा तास बाकावर बसायचं, दर दहा मिनिटांनी दंड दाखवायचा, आणि अर्धा तास पुरा झाला की चपला परत मिळायच्या.

"लोक पळतात गं," त्या म्हणायच्या. "कुणाची एसटी असते, कुणाचं गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं. चपला सोडून कोण जातंय?"

डोकं चांगलं होतं, पण मी कबड्डी खेळणारी. लहानपणापासून मातीत अनवाणी नाचलेली. मला चपला अडकवून थांबवणार म्हणजे म्हशीला छत्री काढून घ्यायची धमकी दिल्यासारखंच झालं.

ही गोष्ट पंच्याण्णव सालची. मी तेव्हा एकोणीस वर्षांची. जयमाला खोत, गाव सांगलीपासून बारा किलोमीटरवर. चढाईला गेले की समोरच्या सातजणी मागं सरकायच्या, हे मी फुशारकीनं सांगत नाही, लाड सर सांगायचे. लाड सर म्हणजे आमचे शाळेतले खेळाचे मास्तर, त्यांनीच मला खेळाडू केलं. पण सतराव्या वर्षी माझं काहीतरी बिघडलं. आमच्या मैदानाच्या कडेनं गाजर गवत कमरेएवढं वाढायचं. त्याला पांढरी फुलं आली की माझ्या शिंका सुरू. आधी दहा-वीस, मग डोळे लाल, मग छातीत घरघर. कबड्डीत चढाई म्हणजे एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्या अंगणात जाऊन परत यायचं. दम तुटला की पंचाची शिट्टी वाजते आणि तुम्ही बाद. मी मध्यरेषा ओलांडायचे आणि चौथ्या कबड्डीला शिंकायचे. लोक हसायचे. एका गावात तर पोरी मला बघून मुद्दाम 'आक्छी' करायच्या.

लाड सरांनीच मला मगदूम डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी माझ्या हातावर ओळीनं थेंब टाकले आणि प्रत्येक थेंबातून जरासं टोचलं. थोड्या वेळात एक जागा रुपयाएवढी फुगली. ते गाजर गवत.

"ज्याची ॲलर्जी आहे, तेच अगदी थेंबभर टोचायचं," डॉक्टर म्हणाले. "मग हळूहळू वाढवत न्यायचं. शरीराला सवय होते. आधी दर आठवड्याला, मग महिन्याला. तीन वर्षं तरी."

आई सोबत होती. ती म्हणाली, "जे बाधतंय तेच टोचायचं? हे कसलं औषध?"

"काट्यानं काटा काढायचा, मावशी. पण एक सांगतो. पहिले काही महिने फरक कळणार नाही. सगळ्यांना गुण येतोच असंही नाही, बऱ्याच जणांना येतो. आणि क्वचित एखाद्याच्या अंगावर उलटतं. उलटलं तर बहुतेक पहिल्या अर्ध्या तासात उलटतं. त्याच्यावरही इंजेक्शन आहे, फक्त पेशंट आमच्यासमोर पाहिजे."

असे माझे गुरुवार सुरू झाले. सिस्टर आधी विचारायच्या, ताप आहे का, रात्री खोकला होता का, आज पळलीस का. मग एक नळी द्यायच्या, जोरात फुंकायची, काटा कुठवर जातो ते बघायचं. त्या नळीला सगळे फुंकणीच म्हणायचे. काटा खाली राहिला तर त्या दिवशी सुई नाही, घरी जा. आणि माझ्यासाठी त्यांनी आणखी एक परीक्षा काढली होती. छातीला टाचलेलं घड्याळ हातात धरायच्या आणि म्हणायच्या, "आता तुझं ते म्हण."

मग मी त्या पांढऱ्या खोलीत एका दमात कबड्डी कबड्डी म्हणायचे. बाकावरचे म्हातारे बघत बसायचे. पहिल्या गुरुवारी अकरा सेकंद झाले. चौथ्या महिन्यातही बाराच. मी चिडले, सिस्टर म्हणाल्या, "चीड. पण पुढच्या गुरुवारी ये." दिवाळीच्या सुमाराला, गवत ऐन फुलोऱ्यात असताना, सोळा झाले. आठव्या महिन्यात एकोणीस. दहाव्या महिन्यात चोवीस. त्या दिवशी सिस्टरांनी घड्याळ पुन्हा छातीला टाचलं आणि पदराला हात पुसले. शेजारच्या म्हाताऱ्यांना म्हणाल्या, "ऐकलंत ना?"

आता त्या गुरुवारचं सांगते. एप्रिल महिना. आदल्या दिवशी संध्याकाळी लाड सर सायकलवरून घरी आले. जिल्ह्याच्या ज्युनियर संघाची निवड चाचणी उद्याच, सांगलीत, अडीचला. तारीख ऐन वेळी बदललेली. माझं ज्युनियरमधलं ते शेवटचं वर्ष. मागच्या दोन्ही वर्षी मी त्याच चाचणीत शिंकून घरी आले होते.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? सिस्टरांना सांगितलं असतं, आज चाचणी आहे. त्यांचा नियम मला पाठ होता, सुईच्या आधी आणि नंतर दोन-दोन तास पळायचं नाही, खेळायचं नाही. सांगितलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, आज राहू दे. आणि नेमकं तेच मला नको होतं. आमच्याकडं सुई म्हणजे ताकद. माणूस शेतातून थकून आला की डॉक्टरला म्हणतो, एक सुई मारा, उद्या कामावर जायचंय. मला वाटत होतं, माझा दम त्या सुईत आहे. आज चाचणी, म्हणजे आज तर सुई पाहिजेच. आता हसू येतं आणि अंगावर काटाही येतो.

त्यात मी सकाळी मैदानाला चार फेऱ्या मारल्या होत्या, आणि दवाखान्याच्या मागच्या गल्लीत दहा मिनिटं उठाबशाही काढल्या. सिस्टरांनी विचारलं, "आज पळलीस का?"

"नाही," मी म्हटलं.

फुंकणी चांगली गेली. दीड वाजता सुई झाली. पावणेदोनच्या आत त्यांनी पहिल्यांदा दंड बघितला. सुईच्या जागी जरा गाठ होती, तेवढी नेहमीच असायची. त्या पुढच्या खोलीत एका मुलाला फुंकणी शिकवायला गेल्या. मी पिशवी उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. बाकावरचे एक आजोबा म्हणाले, "पोरी, चपला?" मी म्हटलं, "आलेच."

मिरजेचं एप्रिलचं ऊन. डांबर मऊ झालेलं. मी पळतच स्टँडकडं निघाले. सांगलीला जाणारी वडाप उभी होती, म्हणजे सीटवर माणसं घेऊन जाणारी जीप. ड्रायव्हर बाबालाल मुजावर, त्या रस्त्यावरचा जुना माणूस. "सांगली सांगली सांगली" करत उभा.

"कधी निघणार?" मी विचारलं.

"तिघं कमी हायत ताई. भरली की निघालो."

मी मागच्या सीटवर बसले. तळपायांना खाज सुटली होती. मला वाटलं, डांबराचे चटके. मग तळहातांनाही सुटली. हातानं मी डांबरावर चालले नव्हते, पण तेवढा विचार करायला डोकं जागेवर कुठं होतं. ते अडीचला सांगलीत होतं. दोन शिंका आल्या. ओठ जड वाटायला लागले. छातीत जुनी घरघर सुरू झाली, आणि मी जे केलं ते कबड्डीवालीच करेल. मी ती लपवली.

चढाईत दम संपत आला की तोंडावर दाखवायचा नाही, हे लाड सरांनी आम्हाला काठीनं शिकवलं होतं. समोरच्या सातजणी तुमच्या तोंडाकडंच बघत असतात. दम संपल्याचं कळलं की झडप घालतात. म्हणून नाकानं हळू श्वास, खांदे वर जाऊ द्यायचे नाहीत, तोंडावर हसू. मी तशीच हसत बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं न्हाई का गं? तोंड सुजल्यासारखं दिसतंय."

"उन्हाचं आहे," मी म्हटलं. तेवढं बोलायलाही दोन दम लागले. बाबालाल निघेना म्हणून मी मनातल्या मनात त्याला शिव्या घालत होते.

"जयमाला."

जीपच्या मागच्या बाजूला सिस्टर उभ्या होत्या. धापा टाकत होत्या. काखेत पत्र्याचा डबा.

"सिस्टर, मला काही झालेलं नाही..."

"कबड्डी म्हण."

"अहो पण..."

"म्हण म्हणते ना."

मी म्हटलं. कबड्डी, कबड्डी, कब. तिसऱ्याला आतून शिट्टी वाजली. पंच नव्हता, माझीच छाती वाजत होती.

"आडवी करा हिला," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. बाबालालनं आणि त्या बाईनं मला सीटवर आडवं केलं, बाकीची माणसं खाली उतरली. सिस्टरांनी डबा उघडला. सलवारीवरूनच मांडीत सुई गेली. माझे पाय त्यांनी माझ्याच पिशवीवर ठेवले. "उठायचं नाही. कुठलंही नाटक करायचं नाही. फक्त श्वास घे," त्या म्हणाल्या आणि माझी नाडी धरून बसल्या. काळीज धडधडायला लागलं, हात थरथरायला लागले. काही मिनिटांनी कुणीतरी छातीवरचा दगड जरा सरकवावा तसं झालं. बाबालालनं गाडी तशीच मोठ्या इस्पितळाकडं घेतली. भरायची वाट बघितली नाही.

इस्पितळात नळ्या लावल्या, सलाईन लावलं, आणखी औषधं दिली. सिस्टर स्टुलावर बसून होत्या. मी विचारलं, "किती वाजले?"

"सव्वातीन. का?"

मग मी सगळं सांगितलं. चाचणी, सकाळच्या फेऱ्या, उठाबशा. सांगताना रडू यायला लागलं. जीव जाता जाता वाचला त्याचं नव्हे, चाचणी गेली त्याचं. एकोणीस वर्षांच्या पोरीची अक्कल ती.

सिस्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला सांगितलं असतंस तर आज सुई दिलीच नसती. पुढच्या गुरुवारी दिली असती. एका आठवड्यानं काय बिघडत होतं?"

"पण मग आज दम कुठनं आला असता?"

त्यांना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं वेडे," त्या म्हणाल्या, "आजची सुई आजच्यासाठी नसतेच. तुझा आजचा दम गेल्या दहा महिन्यांचा आहे. चोवीस सेकंद तू मागच्या गुरुवारी माझ्यासमोर म्हटलंस ना? तो दम तुझ्याकडं होताच. सकाळी घरातून निघालीस तेव्हाही होता. सरळ सांगलीला गेली असतीस तर खेळून आली असतीस."

मी भिंतीकडं तोंड केलं. संध्याकाळी आई आणि लाड सर आले. आई सिस्टरांच्या पाया पडायला वाकली, तर त्यांनी तिला वरच्या वर धरलं. पाय मागं घेतल्याचं मला तेव्हा दिसलं होतं, पण लक्षात आलं नाही.

पुढचा गुरुवार. मी दवाखान्यात गेले ती औषध बंद करते म्हणून सांगायला. आई म्हणत होती, दमा परवडला पण ती सुई नको. मलाही भीती बसली होती. आणि खरं सांगायचं तर लाजही वाटत होती.

डॉक्टर मगदूम म्हणाले, "बंद करायचं तर करा, जबरदस्ती नाही. चालू ठेवायचं असेल तर डोस बराच खाली आणू आणि पुन्हा हळूहळू चढवू. औषध चांगलं की वाईट हे मला विचारू नका. नियमानं घेणाऱ्याला चांगलं आहे. खोटं बोलून घेणाऱ्याला नाही."

मी मागच्या खोलीत डोकावले. सिस्टर एका बाईचा दंड बघत होत्या. पायात जाड मोजे होते. त्या खोलीत, एप्रिलमध्ये मोजे. आणि चालताना टाचा टेकवत होत्या, चवडे उचलून.

"पायाला काय झालं?" मी विचारलं.

"भेगा पडल्यात. तुझं काय ठरलं?"

"बंद करणार आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "तब्येतीला जप." एवढंच. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी स्टँडवर आले. बाबालालची वडाप उभी होती, अर्धी भरलेली. त्यानं मला ओळखलं, तब्येत विचारली. मग म्हणाला, "आन् त्या बाईंचं पाय कसं हायत?"

"कुणाचे पाय?"

"नर्सबाईंचं. त्या दिवशी अनवाणी पळत आल्या न्हवं का. ह्या डांबरावरनं, भर उन्हात. काखेत डबा आन् हातात चपला. इस्पितळाच्या दारात उतरल्या तर पाय टेकवंना. तळवं लालभडक, फोड आलेले. म्या म्हणलं, बाई, हातात चपला हायत, त्या घाला की. तर म्हणाल्या, ह्या तिच्या हायत. पोरगी अनवाणी गेलीय, बरी झाली की तिला लागतील."

मी तिथंच थांबले. बाकावर माझी जागा रिकामी दिसली असणार. कपाटाची कडी काढून त्यांनी वरचा डबा घेतला असणार, आणि खालच्या फळीवर माझ्या चपला दिसल्या असणार. त्या घेतल्या आणि मागच्या दारानं स्टँडकडं धावल्या, मी दर गुरुवारी तिथूनच घरी जाते हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या सँडल पुढच्या दारात होत्या. दहा पावलांवर. तेवढाही वेळ त्यांनी घालवला नाही. आणि त्या चपला मी त्याच संध्याकाळी पायात घालून घरी गेले होते, इस्पितळातल्या पलंगाखाली त्या कशा आल्या हे विचारलंसुद्धा नव्हतं.

"बसा ताई, दोघंच कमी हायत," बाबालाल म्हणाला.

"तुम्ही जा," मी म्हटलं आणि मागं फिरले.

सिस्टर कपाट पुसत होत्या. मी दारातच चपला काढल्या आणि त्यांच्या हातात दिल्या. माझं तोंड बघून त्यांना कळलं असावं, कुणीतरी सांगितलंय. मी त्यांच्या पायांकडं बघितलं नाही, मला बघवलंच नसतं.

"ताप?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आज पळलीस का?"

"स्टँडपासून इथवर पळत आले," मी म्हटलं. "आज सुई देऊ नका. पुढच्या गुरुवारी द्या. पण अर्धा तास मी बसते."

आणि बसले. सुई न घेता, शहाण्या पोरीसारखी. अर्धा तास झाल्यावर त्यांनी कपाट उघडलं आणि चपला माझ्यासमोर आणून ठेवल्या, दोन्ही सरळ, घालायला सोप्या.

मग मी चार वर्षं सुया घेतल्या. एकदाही खोटं बोलले नाही, एकदाही आधी उठले नाही. दोन वर्षांनी राज्याच्या सीनियर संघात निवड झाली. चाचणी गुरुवारीच होती. सिस्टरांनी त्या आठवड्यात सुई दिली नाही, स्वतः मैदानात येऊन पहिल्या रांगेत बसल्या, छातीवरचं घड्याळ काढून हातात धरून. मी चढाईला गेले की त्यांचे ओठ हलताना दिसायचे. शेवटच्या चढाईनंतर त्यांनी लांबूनच बोटं दाखवली. एकोणतीस.

आता मी पोरींना शिकवते. मैदानाच्या कडेचं गाजर गवत दरवर्षी उपटतो आणि दरवर्षी येतं. मला दोन-चार शिंका येतात, त्यापुढं काही नाही. माझ्याकडच्या दोन पोरींना तशाच सुया चालू आहेत, त्यांना मीच घेऊन जाते. सुई झाली की त्यांच्या चपला काढून माझ्या मांडीवर ठेवते आणि अर्धा तास शेजारी बसते. माझ्या मात्र पायातून काढत नाही. पळायची वेळ आली तर त्या पायात असलेल्या बऱ्या, हे मला सिस्टरांच्या तळव्यांनी शिकवलंय.